जोडी आणि शून्य नंबरची रांग: एका व्हर्च्युअल ड्रायव्हरचे प्रकरण

आमच्या नेटवर्क ड्रायव्हरबद्दल ग्राहकाची तक्रार एका ओळीची होती. पलीकडच्या टोकाला काही पॅकेटांवर एकच अनुक्रमांक दोनदा येतोय, आणि ती पॅकेटे नेहमी शून्य नंबरच्या रांगेतली असतात. बाकीच्या १५ रांगांत असे कधीच होत नाही.

यातले "नेहमी शून्य" आम्ही नीट ऐकले असते तर चार दिवस वाचले असते. आम्ही "दोनदा" एवढेच ऐकले आणि लॉकच्या, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलुपाच्या, मागे धावलो.

आमचे ऑफिस महापेला, मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये आहे. ग्राहकाचे सर्व्हर रबाळ्याच्या एका डेटा सेंटरमध्ये. त्यांच्यासाठी आम्ही लिनक्सचे एक व्हर्च्युअल नेटवर्क डिव्हाइस लिहिले आहे, कर्नल मॉड्यूल म्हणून. आपापसात आम्ही त्याला "जोडी" म्हणतो, कारण खाली दोन खरी कार्डे आणि वर हे एक खोटे. पुढच्या कार्डावर आलेले पॅकेट राउटिंगने जोडीकडे येते. ते ग्राहकाच्या कोणत्या गिऱ्हाइकाचे हे जोडी तक्त्यात बघते, त्याला एक छोटे हेडर लावते आणि खालच्या दोनपैकी एका कार्डाकडे ढकलते. हेडरमध्ये गिऱ्हाइकाचा टॅग, रांगेचा नंबर आणि त्या रांगेतला अनुक्रमांक. पलीकडची पेटी हेडर काढून घेते आणि अनुक्रमांकावरून वाटेत किती पॅकेटे गळाली ते मोजते. रांगेच्या नंबराला हेडरमध्ये ४ बिट, म्हणजे जास्तीत जास्त १६ रांगा.

जुन्या ड्रायव्हरमध्ये एकच ट्रान्समिट (पाठवण्याची) रांग होती आणि एकच स्पिनलॉक, म्हणजे मिळेपर्यंत सीपीयू जागीच घिरट्या घालत थांबतो तो लॉक. पॅकेट पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये, म्हणजे स्टार्ट एक्समिटमध्ये शिरले की लॉक घ्यायचा, तक्ता बघायचा, अनुक्रमांक एकने वाढवायचा, मोजणीचे आकडे वाढवायचे, पॅकेट खाली द्यायचे, लॉक सोडायचा. शिवाय स्टार्ट एक्समिटला बोलावण्याआधी कर्नल स्वतः त्या रांगेचा ट्रान्समिट लॉक घेतोच. म्हणजे एका दाराला दोन कुलुपे. चार कोअरच्या मशीनवर हे कोणाला जाणवले नाही. ग्राहकाने १६ कोअरची मशीन घेतली आणि वेग जवळपास तिथेच राहिला, तेव्हा पर्फ (वेळ कुठे जातो ते दाखवणारे साधन) लावून बघितले. वरची ओळ स्पिनलॉकच्या स्लोपाथची, म्हणजे लॉकसाठी ताटकळण्याची. सोळा कोअर एका दाराशी उभे, काम एकाचेच चालू.

टीममधल्या सगळ्यात धाकट्याने सुचवले, "मॅडम, सोळा रांगा करू या आणि एलएलटीएक्स लावू या. लॉकच नको."

एलएलटीएक्स म्हणजे ड्रायव्हरने कर्नलला सांगायचे की माझ्यासाठी ट्रान्समिट लॉक घेऊ नकोस, माझे मी बघतो. पूर्वी तो एक फीचर फ्लॅग होता, ६.१२ पासून डिव्हाइसच्या रचनेतच त्याचा वेगळा बिट आहे. कर्नलच्या दस्तऐवजात नव्या ड्रायव्हरांनी तो वापरू नये असे स्पष्ट लिहिले आहे, पण सॉफ्टवेअर टनेलसारख्या डिव्हाइसांत तो सर्रास दिसतो, कारण त्यातल्या बहुतेकांना पाठवताना राखायचे असे काही नसतेच. आम्हाला होते. अनुक्रमांक होता. हे मला तेव्हाच सुचायला हवे होते. मी म्हटले, "कर, पण मोठा लॉक फोडताना प्रत्येक गोष्टीला तिचा मालक दे."

त्याने काम मनापासून केले. मोजणीचे आकडे प्रत्येक सीपीयूचे वेगळे केले. तक्त्याला वेगळा लॉक दिला. अनुक्रमांक प्रत्येक रांगेचा वेगळा केला आणि त्याला लॉक दिला नाही. त्याचा हिशोब असा: पुढच्या कार्डाच्या १६ रिसीव्ह (आलेल्या पॅकेटांच्या) रांगा, प्रत्येकीचा इंटरप्ट, म्हणजे "पॅकेट आले" ही हाक, एकेका सीपीयूला बांधलेला. पॅकेट ज्या सीपीयूवर आले त्याच सीपीयूवर राउट होऊन जोडीपर्यंत येते. रिसीव्ह रांग तीच ट्रान्समिट रांग ठेवली, तर एका ट्रान्समिट रांगेत एकच सीपीयू शिरणार. मग लॉक कशाला? कागदावर बिनचूक वाटले. मीच रिव्ह्यू केला आणि मीच मंजूर केला.

वेग वाढला. ग्राहक खूश. आणि दहा-बारा दिवसांनी ती एक ओळीची तक्रार.

पहिले चार दिवस वाया गेले असे मी म्हणते खरी, पण अगदीच वाया नाही. लॉकच्या मागे धावताना एक खरी चूक सापडली. तक्रारीशी तिचा संबंध नव्हता एवढेच. गिऱ्हाइकांचा तक्ता नेटलिंकवरून, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलशी बोलायच्या वाटेने, बदलता येतो. म्हणजे अ‍ॅडमिनने कमांड दिली की प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्ये (त्या प्रोग्रॅमच्या वतीने) आमचे फंक्शन चालते, तक्त्याचा लॉक घेते, नोंद बदलते. जुन्या कोडमध्ये इथे बीएचवाला स्पिनलॉक होता, म्हणजे लॉक घेताना त्या सीपीयूवरचे सॉफ्टआयआरक्यूही (इंटरप्टनंतर लगेच चालणारी कर्नलची कामे, पॅकेट आत घेणे त्यातलेच) थांबवणारा. लॉक फोडताना तिथे साधा स्पिनलॉक आला.

फरक तीन अक्षरांचा, परिणाम मात्र असा: समजा तीन नंबरच्या सीपीयूवर नेटलिंकच्या कामाने लॉक घेतला. तेवढ्यात त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला, परतताना सॉफ्टआयआरक्यू सुरू झाला, पॅकेट आत आले, जोडीच्या स्टार्ट एक्समिटपर्यंत पोचले आणि तोच लॉक मागू लागले. लॉक ज्याच्याकडे आहे तो त्याच सीपीयूवर खाली दबलेला. सॉफ्टआयआरक्यू संपेपर्यंत तो उठणार नाही, आणि तो उठेपर्यंत सॉफ्टआयआरक्यू संपणार नाही. वॉचडॉग २० सेकंद वाट बघतो आणि मग लॉगमध्ये लिहितो: "सॉफ्ट लॉकअप, सीपीयू ३ बावीस सेकंद अडकलाय". आमच्या टेस्ट मशीनवर तक्ता सतत बदलणारी स्क्रिप्ट चालवून हे एका दुपारी मुद्दाम घडवून आणले. खरे तर घडवायचीही गरज नव्हती. लॉकडेप, म्हणजे लॉक वापरण्यातल्या चुका शोधणारी कर्नलचीच सोय, चालू असलेल्या कर्नलवर हा कोड एकदा जरी फिरला असता, तरी "हा लॉक सॉफ्टआयआरक्यू न थांबवताही घेतलाय आणि सॉफ्टआयआरक्यूच्या आतही घेतलाय" अशी कुरकूर त्याने केलीच असती. डेडलॉक होण्याची वाट तो बघत नाही, शक्यता दिसली की बोलतो. आमच्या बिल्डमध्ये तो बंद होता, कारण त्याने मशीन मंदावते.

तक्त्याचा लॉक आम्ही वाचणाऱ्यांच्या वाटेतून काढूनच टाकला. वाचन आरसीयूने, म्हणजे वाचणाऱ्याला लॉक न लागणाऱ्या पद्धतीने; पॅकेट पाठवण्याच्या वाटेवर कर्नल आरसीयूचा बीएच प्रकार घेऊनच आत येतो, त्यामुळे तिथे वेगळे काही लागत नाही. बदल करणारे एका म्यूटेक्सखाली एकेक करून येतात, नवी नोंद जोडतात, जुनी आरसीयूच्या मुदतीनंतर मोकळी होते. हे चांगलेच झाले. पण रबाळ्याला नवा बिल्ड लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शून्य नंबरच्या रांगेत पुन्हा दुहेरी क्रमांक. आजार म्हशीला, औषध पखालीला.

पाचव्या दिवशी धाकट्याने डीमेसेजमधली (कर्नलच्या लॉगमधली) एक ओळ दाखवली. ती आम्ही दोघांनीही रोज पाहिली होती आणि रोज पुढे गेलो होतो. कर्नल म्हणत होता, "जोडी० सिलेक्ट्स टीएक्स क्यू १६, बट रिअल नंबर ऑफ टीएक्स क्यूज इज १६". रांगा ० ते १५, आणि कोणीतरी सोळावी मागतेय. हा इशारा कर्नल दर वेळी छापत नाही, मोजूनमापून छापतो, त्यामुळे तो क्वचित दिसायचा आणि क्षुल्लक वाटायचा. इशारा दिल्यावर कर्नल काय करतो, तर नंबर शून्य करतो. पॅकेट शून्य नंबरच्या रांगेत जाते.

शून्य!

मग आम्ही बीपीएफट्रेसने (चालत्या कर्नलमध्ये डोकावायचे साधन) तीन जागी खुंट्या ठोकल्या: जोडीच्या सिलेक्ट क्यू, म्हणजे रांग निवडणाऱ्या, फंक्शनच्या दाराशी, स्टार्ट एक्समिटच्या दाराशी, आणि खालच्या कार्डाच्या स्टार्ट एक्समिटशी. पुढच्या कार्डाच्या ७ नंबरच्या रिसीव्ह रांगेत जाईल असे एकच पॅकेट सोडले. आकडे आले ते असे: ८, ८, ७. मग १५ नंबरच्या रांगेत एक सोडले: १६, ०, आणि खाली ३. तेच पुन्हा वेगळ्या पोर्टवरून सोडले: १६, ०, ११.

पॅकेटाच्या एसकेबी रचनेत, म्हणजे कर्नल पॅकेटाची माहिती ठेवतो त्यात, क्यू मॅपिंग नावाचे १६ बिटांचे एक खाते आहे. त्याचे गणित आधी सांगते, कारण सगळे दुखणे तिथे आहे. या एकाच खात्यात दोन वेगवेगळे लोक दोन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहितात. पॅकेट आत येताना कार्डाचा ड्रायव्हर "हे माझ्या अमुक रिसीव्ह रांगेत आले" असे नोंदवतो, आणि नोंदवताना त्यात एक मिळवतो. सातव्या रांगेसाठी ८ लिहितो. कारण ० म्हणजे "नोंद नाही". पॅकेट बाहेर जाताना कर्नल त्याच खात्यात ट्रान्समिट रांगेचा नंबर लिहितो, तो मात्र जसाच्या तसा: ० म्हणजे शून्य नंबरची रांग. आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये तळमजल्याचे बटण ० आहे, पण काही कुरिअरवाले तळमजला पहिला धरून मोजतात, आणि आमचे चौथ्या मजल्याचे पार्सल दर आठवड्याला तिसऱ्या मजल्यावरचे सीए आणून देतात. तसेच हे. खाते एक, मोजणी दोन.

आमचे सिलेक्ट क्यू फंक्शन खात्यातला आकडा उचलून तसाच परत करत होते. म्हणून ७ची झाली ८वी रांग, ०ची पहिली, आणि १५ची झाली सोळावी, जी नाहीच, तिची शून्य. सर्व्हरने स्वतः निर्माण केलेली पॅकेटे, म्हणजे मॉनिटरिंग, लॉग, राउटिंगचे निरोप, यांच्यावर रिसीव्हची नोंदच नसते. त्यांच्या खात्यात ०, म्हणून त्यांचीही रांग शून्य, मग ती कोणत्याही सीपीयूवरून निघोत. म्हणजे "एका रांगेत एकच सीपीयू" हा हिशोब १ ते १५ या रांगांत योगायोगाने खरा ठरत होता, आणि शून्य नंबरच्या रांगेत पंधरावा सीपीयू आणि ज्याला ज्याला काही बोलायचे आहे तो प्रत्येक सीपीयू, सगळे बिनलॉकचे घुसत होते. दोघांनी एकदम क्रमांक वाचला की दोघांनाही तोच.

हे फंक्शन जुन्या ड्रायव्हरमध्येही होते. शब्दशः हेच. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी, बहुधा मीच, पुढे लागेल म्हणून लिहून ठेवले होते. कधीच चालले नाही. डिव्हाइसला एकच ट्रान्समिट रांग असेल तर कर्नल सिलेक्ट क्यूला विचारतच नाही, सरळ शून्य धरतो. दोन वर्षे कोड तिथे होता, कंपाइल होत होता, रिव्ह्यूमध्ये "जुनाच आहे" म्हणून सुटत होता, आणि एकदाही धावला नव्हता.

ग्राहकाच्या आलेखांत हे का दिसले नाही, हा मला सगळ्यात मजेचा भाग वाटतो. ते आलेख खालच्या खऱ्या कार्डांचे होते. जोडीने आपली ट्रान्समिट रांग, समजा ८, खात्यात लिहिलेली असताना पॅकेट खालच्या कार्डाकडे दिले. त्या कार्डावर एक्सपीएस (सीपीयूवरून पाठवण्याची रांग ठरवणारी सोय) लावलेले नव्हते आणि त्याचा ड्रायव्हर रांगेची निवड कर्नलवर सोडतो. कर्नलचे नेहमीचे निवड फंक्शन खात्यात शून्याखेरीज काही दिसले की ती रिसीव्हची नोंद समजते आणि एक वजा करते. आठाचे सात. म्हणजे वर एक चुकून वाढला, खाली एक चुकून कमी झाला, आणि खालच्या कार्डावर सगळे जिथल्या तिथे. फक्त १५ची पॅकेटे शून्य होऊन खाली "नोंद नाही" म्हणून पोचायची आणि फ्लोच्या (एकाच संवादातल्या पॅकेटांच्या) हॅशने, म्हणजे पत्ते आणि पोर्टवरून काढलेल्या आकड्याने, कुठेही पांगायची. ते ३ आणि ११ त्यातलेच. सोळातली एक पंधरावी रांग थोडी रिकामी दिसते, याकडे कोण बघतो?

धाकट्याने वरची चूक लगेच दुरुस्त केली: नोंद असेल तर एक वजा करून घ्यायचे, रांगांच्या संख्येइतके किंवा त्याहून मोठे असेल तर तेवढे वजा करत आत आणायचे, नोंद नसेल तर कर्नलच्या नेहमीच्या निवडीवर सोडायचे. आणि खालचे आलेख बिघडले. साहजिकच. वरची चूक गेली, खालची राहिली. सातचे पॅकेट आता जोडीत सातला, पण खाली सहाला. शून्याचे खाली हॅशने कुठेही. तो हिरमुसला. "मॅडम, बरोबर केलं तर चुकतंय." मी म्हटले, "अरे, अर्धंच बरोबर केलंयस."

यावरचा उपाय लिनक्सच्या बाँडिंग ड्रायव्हरने (अनेक कार्डे एक करून दाखवणाऱ्या) केव्हाच करून ठेवला आहे आणि तो कोड सगळ्यांसाठी उघडा आहे. सिलेक्ट क्यूमध्ये आपली रांग ठरवण्याआधी खात्यातला मूळ आकडा पॅकेटाच्याच कंट्रोल बफरमध्ये (त्याच्यासोबतच्या टिपणाच्या जागेत) बाजूला लिहून ठेवायचा, आणि खालच्या कार्डाला पॅकेट देताना तो परत जागेवर ठेवायचा. खालच्याला जणू मध्ये जोडी नव्हतीच. आम्ही तसेच केले. एक काटा मात्र लागला. टेस्ट मशीनवर कोणीतरी जोडी एकाच रांगेने उभी केली होती. तिथे सिलेक्ट क्यू चालले नाही, बाजूला काही लिहिले गेले नाही, आणि स्टार्ट एक्समिटने बफरमधला जुना कचरा उचलून मूळ आकडा म्हणून परत ठेवला. आता जोडी दोनपेक्षा कमी रांगा स्वीकारत नाही, मागितल्या तर चूक परत करते.

मॅपिंग दोन्हीकडून नीट झाले, बीपीएफट्रेसने ७ टाकले तर ८, ७, ७ आले, १५ टाकले तर १६, १५, १५. पहिला आकडा दाराशीच्या नोंदीचा, तो एकने जास्तच असणार. समाधानाने बिल्ड लावला. दोन दिवसांनी दुहेरी क्रमांक परत आले. या वेळी शून्यात नव्हे. चौथ्या रांगेत एक, अकराव्यात एक, नवव्यात दोन. विरळ, पण सगळीकडे.

हे मला आधीच कळायला हवे होते, आणि या वेळी निदान लगेच कळले. सर्व्हरची स्वतःची पॅकेटे आधी सगळी शून्यात कोंबली जात होती. आता ती हॅशने सोळाही रांगांत पसरतात, आणि कोणत्याही सीपीयूवरून येतात. मॅपिंग चुकीचे होते तेव्हा सगळी घाण एका कोपऱ्यात होती; बरोबर केल्यावर ती घरभर पातळ पसरली. "एका रांगेत एकच सीपीयू" हे कधीच खरे नव्हते. रांग कोणती हे मॅपिंग ठरवते, पण त्या रांगेत एका वेळी एकच जण असेल अशी हमी मॅपिंग देत नाही. ती हमी लॉक देतो, आणि तो आम्हीच एलएलटीएक्सने काढून टाकला होता.

इथे ऑफिसात तासभर वाद झाला. एकाचे म्हणणे, रांग सीपीयूच्या नंबरावरून निवडा. स्टार्ट एक्समिटमध्ये बीएच, म्हणजे सॉफ्टआयआरक्यू, बंद असतो, मध्येच कोणी घुसणार नाही, लॉकची गरजच उरणार नाही. म्हणणे खोटे नव्हते. पण सर्व्हरवरची प्रोसेस एका सीपीयूवरून दुसऱ्यावर गेली की तिच्या एकाच फ्लोची पॅकेटे दोन रांगांत विभागली जातात आणि पुढेमागे पोचू शकतात. शिवाय सीपीयू १६ पेक्षा जास्त झाले की हा हिशोब पुन्हा मोडतो. दुसऱ्याचे म्हणणे, क्रमांक अ‍ॅटॉमिक करा. म्हणजे वाचून वाढवणे एकाच न तुटणाऱ्या पावलात. तेही चालले असते. पण हेडरमध्ये क्रमांक लिहिण्याचा क्रम आणि पॅकेट खाली जाण्याचा क्रम एकच राहायला हवा, नाहीतर पलीकडची पेटी ८१२ नंतर ८११ बघून "गळाले" म्हणते आणि मग "अरे, आले" म्हणते. अ‍ॅटॉमिकने क्रमांक वेगळे मिळतात, क्रम मिळत नाही.

शेवटी एलएलटीएक्सची ओळ खोडली. एवढेच. मेनलाइन कर्नलमध्ये २००८ च्या २.६.२७ पासून प्रत्येक ट्रान्समिट रांगेला स्वतःचा लॉक आहे. जोडीला आता १६ रांगा, म्हणून १६ लॉक, आणि मॅपिंग बरोबर असल्यामुळे प्रत्येक लॉकवर जवळजवळ नेहमी एकच सीपीयू. ज्यावर भांडण नाही असा स्पिनलॉक फार स्वस्त पडतो. क्वचित सर्व्हरचे स्वतःचे पॅकेट आडवे आले तर ते क्षणभर थांबते, क्रमांक घेते, जाते. पर्फमध्ये स्लोपाथ शोधावा लागतो. गंमत अशी की मूळ दुखणे कर्नलच्या लॉकचे नव्हतेच. सोळा जणांना एकाच रांगेत उभे करण्याचे होते.

लॉकडेप आता आमच्या टेस्ट बिल्डमध्ये कायम चालू आहे, आणि एलएलटीएक्स काढल्याबरोबर त्याने पहिल्याच दिवशी आरडाओरड केली: एकच लॉक परत घेताय. जोडीचा ट्रान्समिट लॉक हातात असताना खालच्या कार्डाचा ट्रान्समिट लॉक घेतला जातो, दोन्ही डिव्हाइसे इथरनेट प्रकारची, म्हणून लॉकडेप दोघांना एकाच जातीचे समजतो. आम्ही आधी खात्री केली की जोडीखाली फिरून जोडीच येत नाही, कारण तसे झाले तर कर्नल खरोखरच "डेड लूप ऑन व्हर्च्युअल डिव्हाइस" म्हणून पॅकेट टाकून देतो. मग लॉकडेपसाठी जोडीच्या लॉकांना वेगळा वर्ग दिला. त्यासाठी कर्नलमध्ये एका ओळीची तयार सोय आहे.

शेवटचा बिल्ड लावायला आम्ही दोघे रबाळ्याला गेलो. पाऊस होता, डेटा सेंटरच्या आत नेहमीची हुडहुडी. चार तास आकडे बघत बसलो. पलीकडच्या पेटीत सोळाही रांगांचे क्रमांक सरळ चढत होते. डीमेसेज गप्प. परतीच्या ठाणे लोकलमध्ये धाकट्याने फोनवर काहीतरी लिहून मला दाखवले: टेस्ट स्क्रिप्टमध्ये तीन नवी पॅकेटे. एक रिसीव्ह रांग ० चे, एक १५ चे, एक सर्व्हरचे स्वतःचे. मधल्या रांगांचे एकही नाही. बरोबर होते. मधल्यांनी आम्हाला काहीच सांगितले नव्हते.

ग्राहक आता ६४ कोअरच्या मशीनबद्दल विचारतोय. हेडरमध्ये रांगेला अजून ४ च बिट आहेत. चार-चार सीपीयू एकेका लॉकवर येतील, ते कितपत चालेल हे आधी मोजायचे, आणि नाहीच चालले तर ६ बिटांचे हेडर करायचे. त्यासाठी पलीकडची पेटीही बदलावी लागेल. तिचा कोड आमचा नाही. त्या टीमबरोबर सोमवारी वाशीला मीटिंग आहे.